मदत हवी आहे: आईचा तोल जातो, घरी करण्याजोगे व्यायाम सुचवा

खिडकीसीट: आई ७८, दादर. महिन्याभरात दोनदा पडली. रोज शिवाजी पार्कला फेरी मारते, तरी हे! 'डॉक्टरांना दाखवा' एवढंच लिहू नका प्लीज. व्यायाम सांगा, आजच सुरू करायचेत.

ताम्हण: कुठे पडल्या, काय करताना? डोकं आपटलं का? गोळ्या कुठल्या चालू आहेत?

खिडकीसीट: पहाटे बाथरूमला जायला उठताना. डोक्याला लागलं नाही. गोळी बीपीची, ती काय सगळ्यांनाच असते.

ताम्हण: अहो, हेच आधी सांगायचं ना! पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी मोजा, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर ते आकडे डॉक्टरांना दाखवा. गोळी मनाने बंद करू नका. तोवर पलंगाच्या कडेला बसून पावलं वरखाली हलवायची, मगच उठायचं.

स्लोलोकल: फेऱ्या वाढवा. चालण्यासारखा व्यायाम नाही.

ओटाकट्टा: नुसत्या चालण्याने पडणं थांबत नाही, तोल आणि पायांची ताकद वेगळी कमवावी लागते. न्यूझीलंडचा ओटागो कार्यक्रम त्यासाठीच आहे. आठवड्यातून तीनदा, एक दिवस आड. ओटा धरून (गॅस बंद!) टाचा उचलणं १०, चवडे उचलणं १०, गुडघे जरासे वाकवणं १०, ओट्याच्या कडेने आडवं चालणं १० पावलं, दोन्ही दिशांना. खुर्चीतून उठबस ५, आधी हात टेकून. जमलं की दोन हातांचा एक हात, मग नुसती बोटं. बहुतेकांचं इथेच फसतं: ओटा कायम घट्ट धरला तर तोलाला कामच उरत नाही, आणि पहिल्याच दिवशी सोडला तर आपटतात. शेजारी कोणीतरी उभं हवंच.

स्लोलोकल: त्यापेक्षा ताडासन करा.

ओटाकट्टा: चवड्यांवर, दोन्ही हात वर, आधार नाही. दोनदा पडलेल्या बाईला?

गच्चीवरून: बाथरूममध्ये सक्शनवाला दांडा लावा, भिंत फोडावी लागत नाही.

ताम्हण: ओल्या टाइलवर तो सुटतो, तेही नेमका भार पडल्यावर. स्क्रूचाच बसवा.

गच्चीवरून: दादरला चांगला प्लंबर आहे का कोणी? माझा गीझर गळतोय.

खिडकीसीट: धागा माझा आहे हो! खुर्ची प्लास्टिकची आहे, सोफा चालेल?

ओटाकट्टा: दोन्ही नकोत. प्लास्टिकची मागे सरकते, सोफ्यात माणूस रुततो. साधारण ४५ सेंमी उंचीची हाताची लाकडी खुर्ची, पाठ भिंतीला टेकवून. आणि बीपी मोजलंत का?