मदत हवी आहे: वापरलेली ईव्ही घेतली, पण अ‍ॅप अजून पहिल्या मालकाच्या नंबरवर. लोकेशन आणि अपडेट, दोन्ही अडकलंय

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची, फिजिओथेरपिस्ट आहे. माझं बहुतेक काम पेशंटच्या घरी जाऊन करायचं असतं. कुणाचा गुडघा बदललेला, कुणी पक्षाघातातून सावरतंय, कुणी अंथरुणातून उठूच शकत नाही. गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, पंचवटी असं दिवसभर फिरणं होतं, म्हणून दिवाळीनंतर ठाण्याच्या एका गृहस्थांकडून वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली. आरसी माझ्या नावावर झाली, विमा झाला, फास्टॅग माझा आहे. गाडी चालवायला छान आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

गाडीचं अ‍ॅप मात्र अजून त्यांच्याच नंबरवर आहे आणि ते काही केल्या सुटत नाहीये.

कळलं ते असं. एका संध्याकाळी मी पंचवटीत एका आजींचा पाय हातात धरून व्यायाम घेत होते, आणि त्या गृहस्थांचा व्हॉट्सअ‍ॅप आला: 'ताई, गाडी बारा टक्क्यांवर आलीये. पंचवटीत आहात तर परत निघायच्या आधी चार्ज करून घ्या.' माणूस सज्जन, काळजीपोटीच कळवलं. पण मी कुठे आहे हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. फोन केला तर म्हणाले, अ‍ॅप फोनमध्ये तसंच आहे, सूचना येत राहतात. मी विचारलं, काय काय दिसतं? त्यांनी स्क्रीनशॉट पाठवले. गाडी नकाशावर कुठे उभी आहे, मागच्या फेऱ्या, कुठून निघाली, कुठे पोचली, किती वाजता. माझा अख्खा आठवडा त्यात होता. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी एकाच सोसायटीसमोर पाऊण तास, रोज दुपारी एकाच बंगल्याबाहेर. फिजिओची गाडी आहे एवढं माहीत असलं की कुठल्या घरात आजारी माणूस आहे हे कुणीही सांगेल. माझ्या पेशंटपैकी काही जण घरात एकटेच राहतात. त्यांचे पत्ते मी माझ्या घरातही बोलत नाही.

गृहस्थांनी त्याच दिवशी अ‍ॅप काढून टाकलं. पण फोनमधून अ‍ॅप काढल्याने सर्व्हरवरचं खातं जात नाही. खात्यातून गाडी काढायची तर ओटीपी लागतो, आणि तो नंबर त्यांना जुन्या नोकरीत मिळालेला. नोकरी सोडली तेव्हा सिम ऑफिसात जमा केलं. आता ते कुणाकडे आहे हे त्यांनाही माहीत नाही. ज्याच्याकडे असेल त्याने अ‍ॅप टाकून ओटीपी मागवला तर माझी गाडी त्याला दिसेल, आणि या अ‍ॅपमधून दरवाजेही उघडतात. या विचाराने माझी झोप उडाली आहे.

सर्व्हिस सेंटर म्हणतं, पहिल्या मालकाच्या ओटीपीशिवाय आमच्या सिस्टिममधून निघत नाही. हेल्पलाइन म्हणते, सर्व्हिस सेंटरला जा. आरसी दाखवली, तर 'आरसीचा आणि अ‍ॅपचा संबंध नाही मॅडम' असं उत्तर मिळालं. गाडी कायद्याने माझी असेल तर तिची माहिती कुणाच्या हातात असावी हे आरसीवरून ठरत नाही, तर मग कशावरून ठरतं?

आता अपडेटचं. ते याच नंबरात अडकलंय. स्क्रीनवर कित्येक आठवडे 'नवीन अपडेट उपलब्ध, अ‍ॅपमधून मंजुरी द्या' असं येत होतं. मंजुरी देणार कोण? दरम्यान बॅटरीचा आकडा एकदम कोसळायला लागला. अठरा टक्के दाखवता दाखवता सिग्नलला थांबून सुटले तर नऊ. याच अपडेटमध्ये ते दुरुस्त झालंय म्हणे. शेवटी गाडी सेंटरला ठेवली आणि त्यांनी लॅपटॉप लावून अपडेट टाकलं. परत आली तेव्हा रीजनची (पाय काढला की गाडी आपोआप मंदावते आणि थोडी चार्ज होते, त्याची) पातळी दर वेळी गाडी सुरू केली की सर्वात कमीवर यायला लागली. रिव्हर्स कॅमेरा अडखळून उघडतो. आणि मी गाडीच्या स्क्रीनवरून बंद केलेलं 'लोकेशन शेअरिंग' परत चालू झालेलं. जॉबकार्डवर फक्त 'सॉफ्टवेअर अपडेट केले' एवढंच लिहिलंय. काय बदललं विचारलं तर कुणालाच सांगता येईना. लोकेशनबद्दल अ‍ॅडव्हायझर म्हणाला, 'ते सरकारी नियमाने चालू ठेवावंच लागतं.' खरंच असा नियम आहे का?

गॅरेजवाला ओळखीचा आहे. तो म्हणतो, टी-बॉक्सचा (गाडीला नेटशी जोडणाऱ्या यंत्राचा) फ्यूज काढून टाकतो, पाच मिनिटांचं काम आहे. मन होतंय, पण गाडीला काही अपाय होईल का ही भीती वाटते.

ज्यांनी जुनी ईव्ही घेऊन खातं बदलून घेतलंय त्यांनी कृपया सांगा, नेमकं कुणाला गाठलंत? कंपनीचं नाव इथे मुद्दाम देत नाहीये, मला भांडण नको, मार्ग हवाय.

प्रतिसाद

ताई, मी चिपळूणचा. माझी गाडी वेगळ्या कंपनीची, पण प्रश्न अगदी हाच होता. सेंटरच्या काउंटरवर हे सुटत नाही, मेलच करावा लागतो. कंपनीच्या संकेतस्थळावर प्रायव्हसी पॉलिसीच्या अगदी तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता असतो, तिथे पाठवा. सोबत आरसी, विक्रीपत्र, तुमचं ओळखपत्र आणि चासी नंबर दिसेल असा गाडीचा फोटो. सर्वात उपयोगी पडलं ते पहिल्या मालकाचं सहीचं पत्र: 'वाहन विकले आहे, माझ्या खात्यातून काढावे, माझ्या काळातला प्रवासाचा इतिहासही पुसावा.' तुमचे गृहस्थ चांगले आहेत, लगेच देतील.

त्याआधी एक सोपं करून बघा. त्यांच्या जुन्या ऑफिसच्या अ‍ॅडमिनला त्यांनीच फोन करावा. सिम कपाटात पडलेलं असेल किंवा दुसऱ्या कुणाला दिलं असेल, एक ओटीपी मिळाला तरी अर्धं काम होईल.

आणि गाडीच्या स्क्रीनवरून जोडलेले जुने फोन, डिजिटल चावी, सेव्ह केलेलं 'घर' आणि 'ऑफिस' हे सगळं हाताने काढा. फॅक्टरी रीसेट मारला की सगळं गेलं असं वाटतं, पण माझ्या गाडीत त्याने फक्त स्क्रीन कोरी झाली, सर्व्हरवरचं खातं जिथल्या तिथे होतं.

प्रतिसाद

चाकणला वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फ्यूज. काढू नका. टी-बॉक्समध्ये ई-सिम, जीपीएस आणि गाडीच्या बाकी कंट्रोलरशी जोडणी एकत्र असते. फ्यूज काढला की लोकेशनबरोबर एसओएस (संकटात मदत मागायचा) कॉलही जातो. तुम्ही रात्री-अपरात्री एकट्या गाडी चालवत असाल तर ते बटण हवं. काही गाड्यांत त्याच फ्यूजवर आणखीही काही असतं, आणि उद्या वॉरंटीचा प्रश्न आला तर कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवेल.

अ‍ॅडव्हायझरने सांगितलेला 'सरकारी नियम' म्हणजे एआयएस-१४० असावा, गाडीत लोकेशन यंत्र बसवण्याचं मानक. तो टॅक्सी, बस अशा प्रवासी वाहतुकीच्या वाहनांसाठी आहे. तुमच्या हिरव्या पाटीवरची अक्षरं पांढरी असतील तर गाडी खाजगी, पिवळी असतील तर व्यावसायिक. पांढरी अक्षरं असताना तो नियम तुम्हाला लागू नाही. हे त्याला तोंडावर सांगा आणि नियम लेखी मागा.

सेटिंग बदलतात कारण अपडेट टाकताना जुनी सेटिंग जपून पुढे न्यायचं काम वेगळं लिहावं लागतं. ते लिहिलं नसेल तर सगळं कारखान्यातल्या मूळ स्थितीला येतं, आणि मूळ स्थितीत लोकेशन चालू असतं. मला स्वतःला हे अक्षम्य वाटतं. रीजन बदललं तर पाय लगेच सांगतो. लोकेशन चालू झालेलं कोण सांगणार? युरोपात गाड्यांच्या सॉफ्टवेअर अपडेटसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १५६ नवीन मॉडेलना जुलै २०२२ पासून आणि सर्व नव्या गाड्यांना जुलै २०२४ पासून बंधनकारक आहे. अपडेटमध्ये काय बदलणार हे मालकाला सांगायचं, आणि अपडेट फसलं तर गाडी जुन्या आवृत्तीवर किंवा सुरक्षित स्थितीत आली पाहिजे, असं त्यात आहे. आपल्याकडे त्याच धर्तीवर एआयएस-१९० हे मानक तयार झालंय. त्यामुळे पुढच्या वेळी जॉबकार्डवर आधीची आणि नंतरची आवृत्ती लिहून घ्या, रिलीज नोट्स (काय बदललं त्याची यादी) मागा, आणि गाडी ताब्यात घेताना प्रायव्हसीची स्क्रीन अ‍ॅडव्हायझरसमोर उघडून बघा.

बॅटरीचा आकडा: तुमची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर मधल्या पट्ट्यात तिचा व्होल्टेज जवळजवळ सपाट असतो, म्हणून नेमके किती टक्के उरलेत हे गाडीला नीट ओळखता येत नाही. घरच्या चार्जरवर सावकाश पूर्ण शंभर टक्के चार्ज करा आणि मध्येच काढू नका. तसं अधूनमधून करत राहिलात की आकडा ताळ्यावर येईल. आलाच नाही तर सेल तपासायला सांगा.

एक आग्रह. लोकेशन नुसतं 'बंद' करून थांबू नका, साठलेला इतिहास पुसायला लावा. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीत फोक्सवॅगन समूहाचं प्रकरण बाहेर आलं. सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती क्लाउडवर उघडी पडली होती, आणि त्यातल्या सुमारे ४ लाख ६० हजार गाड्यांची ठिकाणं इतकी अचूक होती की मालक राहतो कुठे, जातो कुठे हे लावता येत होतं. त्या मालकांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. माहिती साठून राहिली, म्हणून उघडी पडली.

प्रतिसाद

वकील आहे, कायद्यापुरतं लिहिते.

वैयक्तिक डिजिटल विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संमती मागे घेणं, माहिती पुसायला लावणं हे हक्क अमलात यायला त्यानंतर १८ महिने ठेवलेत. तोवर हातात आहेत माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम. त्यात तक्रार निवारण अधिकारी नेमणं, त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं आणि तक्रार एका महिन्यात सोडवणं हे कंपनीवर बंधन आहे. मेलमध्ये या नियमांचा उल्लेख करा, तारीख घाला, महिना मोजा.

महिन्यात काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, आणि मग नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात. तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. कंपनी दोन आक्षेप घेईल. पहिला, गाडी तुम्ही आमच्याकडून घेतलीच नाही. पण अपडेटची सेवा तुम्ही त्यांच्या सेंटरकडून घेतलीत, त्याचं जॉबकार्ड तुमच्या नावावर आहे, ते सांभाळा. दुसरा, गाडी धंद्यासाठी वापरता. स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका करण्यासाठीचा वापर हा त्याला अपवाद आहे, आणि तो कायद्यातच दिलाय.

गृहस्थांनी पाठवलेले स्क्रीनशॉट पुसू नका. तोच तुमचा पुरावा. फक्त मेलला जोडताना पेशंटच्या इमारती झाका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पाटीवरची अक्षरं पांढरी आहेत, उद्या सेंटरला जाऊन नियम लेखी मागते. फ्यूजचा विचार सोडला.

गृहस्थांशी बोलले. सहीचं पत्र द्यायला ते लगेच तयार झाले, आणि जुन्या ऑफिसात फोनही केला. सिम आता तिथल्या विक्री विभागातल्या एका मुलाकडे आहे. तो ओटीपी सांगायला तयार आहे, पण त्याच्या साहेबांची परवानगी हवी, ती सोमवारी मिळेल असं म्हणाला.

ओटीपी मिळून गाडी खात्यातून निघाली तरी मेल मी पाठवणारच आहे. हा चासी नंबर दुसऱ्या कुठल्याही खात्याला जोडलेला नाही आणि जुना इतिहास पुसला आहे, हे मला कंपनीकडून लेखी हवंय. वकील ताई, त्या मेलचा मसुदा इथे टाकू शकाल का? मराठीत चालेल की इंग्रजीतच पाठवावा लागेल?