स्ट्रूपवाफल: चिरायचा तो गरम असतानाच

स्ट्रूपवाफल म्हणजे साच्यात भाजलेला पातळ गोल वाफल आडवा चिरून, दोन चकत्यांमध्ये कॅरमल भरलेला डच गोड पदार्थ. तो मधोमध चिरताना तुटतो आणि आतलं कॅरमल दुसऱ्या दिवशी दगड होतं, अशी दोघांची तक्रार आहे. चिरण्याचं म्हणाल तर सगळा खेळ पहिल्या काही सेकंदांचा. साच्यातून काढल्या काढल्या, हाताला चटका बसतोय तेवढ्यातच, कापडाने हलकेच दाबून धरा आणि पातळ सुरी आडवी फिरवा. गार झाला की तो कडक होतो, मग सुरी लावलीत की तुकडेच. कडा आधी गोल कापून घेतली तर सुरी शिरायला वाट मिळते. साचा मात्र पातळ, बारीक चौकड्यांचाच हवा. बेल्जियन वाफलच्या खोल साच्यात हे होत नाही.

कॅरमलला ब्राउन शुगर, लोणी, दालचिनी आणि डच सिरप म्हणजे स्ट्रोप. तो नसेल तर गोल्डन सिरप किंवा काकवी. मला काकवीचीच चव जास्त आवडते. थेंब गार पाण्यात टाकल्यावर बोटांत मऊ गोळी वळली की लगेच उतरवा, ११५ अंशांपुढे नेऊ नका. दगड होतं ते इथेच.

आधीचे कडक झालेले टाकू नका हं! वाफाळत्या चहाच्या कपावर झाकणासारखे दोन मिनिटं ठेवा. गौडा शहराचा हा पदार्थ नेदरलँड्समध्ये असाच खातात.