अनुभव धागा : घरचं टॉप-लोड वॉशिंग मशीन – काय बिघडलं, काय सापडलं?

मागच्या रविवारी आमचं नऊ वर्षांचं टॉप-लोड मशीन पाणी घेता घेता थांबलं. पडद्यावर 'आयई' (पाणी भरत नसल्याची खूण) आणि पिप-पिप आवाज. दुरुस्तीवाल्यांनी फोनवर ऐकूनच सांगितलं, "ताई, व्हॉल्व्ह गेलाय, बदलावा लागेल. मंगळवारी येतो." घरात मुलांचे गणवेश आणि सासऱ्यांच्या चादरी साठलेल्या. मंगळवारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं.

मग मशीनचा पाइप नळापासून सोडवला आणि त्याच नळाखाली १० लिटरची बालदी लावली. पाऊण मिनिटात भरली. म्हणजे नळाला पाणी होतं, अडत होतं ते मशीनच्या तोंडाशी. प्लग काढला, नळ बंद केला आणि मशीनच्या मागचं टोकही फिरवून सोडवलं. त्या तोंडात बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी असते. पक्कडीने तिचा मधला दांडा धरून अलगद ओढली, तर तिच्यावर तांबूस गाळाचा जाड थर. चारच दिवसांपूर्वी सोसायटीची टाकी धुतली होती, तिच्या तळाची माती पहिल्या पाण्याबरोबर आमच्याकडे आली होती. जुन्या टूथब्रशने जाळी घासली, परत बसवली, मशीन सुरू. मंगळवारची भेट रद्द केली.

असं काहीतरी प्रत्येकाच्या घरी घडलेलं असणार. इथे लिहाल का? आधी काय दिसलं, उघडल्यावर काय सापडलं, मग काय केलं. जमलं नाही तेही लिहा. आणि घरी हात लावूच नये असं काय आहे, ते जाणकारांनी आवर्जून सांगा.

डोंबिवलीकर

आमच्याकडेही 'आयई' येत होतं, पण जाळी स्वच्छ होती. तुमची बालदीची परीक्षा आमच्या नळाला लावली असती तर तो नापास झाला असता. आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर, टाकी बरोबर डोक्यावर. टाकीचा तळ मशीनच्या नळापेक्षा जेमतेम दोन मीटर उंच. एका मीटरला साधारण ०.१ बार दाब मिळतो, म्हणजे आमच्याकडे ०.२ बार, आणि मशीनच्या पुस्तिकेत किमान ०.३ बार लिहिलेलं. ठरलेल्या वेळात पाणी भरलं नाही की मशीन हात वर करतं. खालच्या मजल्यांवर हेच मशीन निमूट चालतं. शेवटी प्लंबरकडून त्या लाइनवर लहान प्रेशर पंप बसवून घेतला. तोवर दोन महिने बालदीने पाणी ओतत होतो.

लातूरची

डोंबिवलीकर दादा, बालदीने ओतण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होतं, तेव्हा नळाला जोडलेलं मशीन ही चैनच होती. पाइप काढून ठेवला आणि वरून ओतायला लागलो. टॉप-लोडमध्ये हे चालतं, कारण पाणी कुठून आलं याच्याशी मशीनला देणंघेणं नसतं. टबाच्या तळातून एक बारीक नळी वर जाते. पाणी चढलं की त्या नळीतली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून मशीनला पातळी कळते. हव्या त्या पातळीपर्यंत ओतलं की ते आपोआप धुवायला लागतं.

खरी अडचण पाणी साठवण्याची. शेवटच्या खंगाळण्याचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं, ते पुढच्या घाण्याला वापरायचं ठरवलं. बाहेर जाणारा पाइप उचलून उंच पिंपात सोडला, तर मशीन पाणी सोडेना, कुरकुर करून बंद पडलं. दोन दिवस वाटलं मशीन गेलं. मग शेजारच्या काकांनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "अगं, याला पंपच नाहीये. पाणी उताराने जातं, वर कसं चढेल?" पुष्कळ टॉप-लोड मशीनमध्ये असंच असतं: तळाशी एक झडप, एक छोटी मोटर ती ओढून उघडते आणि पाणी आपल्या वजनाने वाहून जातं. पाइप जमिनीपासून वीतभर जरी उचलला गेला, किंवा मशीनमागे मुडपला, तरी पाणी आत राहतं आणि कपडे पिळले जात नाहीत. वडिलांनी विटांचा दोन फूट उंच कट्टा बांधून वरून घोटवून घेतला, मशीन त्यावर ठेवलं आणि पाइपाखाली पसरट टब लावले. आता पाणी बरं आहे, तरी कट्टा तसाच आहे आणि शेवटचं पाणी आजही फरशीला, संडासाला जातं.

सांगलीकरीण

आमच्या मशीनमधून महिनाभर खरखर येत होती, एखादा खडा घरंगळावा तशी. त्याच सुमारास सासूबाईंची मोत्याची कुडी हरवली होती. सगळं घर पालथं घातलं, शेवटी त्यांनी बोलणंच सोडून दिलं त्या विषयावर, आणि ते मला जास्त लागलं. एका दुपारी यूट्यूबवर बघून तळाची फिरणारी थाळी काढायची ठरवली. तिला पल्सेटर म्हणतात. मधोमध टोपण असतं, त्याखाली एकच स्क्रू. नेमक्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या, लहान घेतलात तर डोक्याची खाच झिजते आणि मग तो कुणालाच निघत नाही. स्क्रू निघाला, पण थाळी जागची हलेना. परकराची नाडी दोन बाजूंनी थाळीच्या कडेखाली सरकवली आणि दोन्ही टोकं धरून सरळ वर ओढली. तिसऱ्या झटक्याला निघाली.

खाली जे होतं ते बघून मला मळमळलं. साबण, मऊपणासाठी घालतो ते द्रव आणि कपड्यांचे तंतू यांचा काळा, चिकट, शेवाळासारखा लगदा. आमच्या पांढऱ्या कपड्यांवर येणारे काळे कण इथून येत होते! त्यात एक रुपयाची दोन नाणी, केसांचे तीन आकडे, शर्टाची बटणं आणि कुडी. मोती एका बाजूने खरवडला गेला होता, पण सोनं शाबूत. सासूबाईंनी ती साबणाने धुऊन देवापुढे ठेवली आणि मला चहा करून दिला.

आता दर चार महिन्यांनी थाळी काढते. बसवताना तिच्या खालच्या दात्यांकडे बघा. ते झिजले की मोटरचा आवाज येतो पण कपडे फिरत नाहीत. अशा वेळी थाळी बदलून भागतं, मोटरला दोष देऊ नका.

संभाजीनगरवाला

बोअरच्या पाण्यावर मशीन वापरणाऱ्यांसाठी. आमच्या पाण्याची तपासणी केली तर एकूण कठीणपणा लिटरला ६४० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, २०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं असं आहे. असल्या पाण्यात फेस येत नाही, म्हणून आई पावडर वाढवत गेली. न विरघळलेली पावडर आणि क्षार मिळून टबाच्या बाहेरच्या बाजूला पांढरा थर चढला. लातूरच्या ताईंनी सांगितलेली ती पातळीची बारीक नळी, तिचं तोंड त्या थराने चोंदलं. पातळी कळेना, मशीन पाणी घेतच राहिलं, कडेपर्यंत.

उपाय किराणा दुकानातला: लिंबूसत्त्व. पाव किलो लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून टबात ओततो. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम ठेवा, उकळतं ओतू नका, आतले भाग प्लास्टिकचे आहेत. टब वरपर्यंत भरून पाच मिनिटं फिरवायचं, तासभर तसंच ठेवायचं, मग सोडून देऊन दोनदा नुसत्या पाण्यावर चालवायचं. पहिल्या वेळी अंड्याच्या टरफलांसारखे तुकडे बाहेर आले. दर दोन महिन्यांनी करतो. बुरशीचा वास असेल तर ब्लीचही घालतात म्हणे.

रसायनशास्त्राची बाई

वरचं शेवटचं वाक्य वाचून लगेच लिहिते आहे. लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर, आणि ब्लीच, हे एकत्र कधीही घालू नका. आम्ल आणि ब्लीच मिळून क्लोरिन वायू तयार होतो, आणि बंद ड्राय बाल्कनीत टबावर वाकलेल्या माणसाच्या तो थेट छातीत जातो. आज एक वापरलंत तर भरपूर पाण्याने मशीन धुऊन घ्या आणि दुसरं पुढच्या आठवड्यात. लेबलवर 'सोडियम हायपोक्लोराइट' असेल तर ते ब्लीचच, नाव काहीही असो.

संभाजीनगरवाला

बाई, मनापासून आभार. आईलाही वाचून दाखवलं.

ठाणेकर

मशीन नाचतं, त्याबद्दल. ड्राय बाल्कनीच्या फरशीला पाणी जायला उतार असतो, आणि आपण मशीन नेमकं तिथेच ठेवतो. आमचं पिळताना चक्क वीतभर पुढे यायचं. झाकणावर पाण्याची अर्धी बाटली आडवी ठेवून बुडबुडा कुठे जातो ते बघितलं आणि पुढचा पाय फिरवून उंच केला. पायाची चकती वरच्या बाजूला घट्ट आवळायची विसरू नका, नाहीतर आठवड्यात पुन्हा तेच.

तरीही धडधड राहिली. मग कळलं की टब चार कोपऱ्यांत चार दांड्यांवर लोंबकळत असतो. रिकामा टब हाताने खाली दाबून सोडा. एकदा वर येऊन स्थिरावला तर दांडे ठीक, झोपाळ्यासारखा हलत राहिला तर दमले. आमचे चारही बदलले. एकच बदलून फायदा नाही, नवा आणि जुने यांचा ताण सारखा राहत नाही.

न्यू जर्सीहून

ठाणेकर, एक भर. रेनकोट, प्लास्टिकचं अस्तर असलेली गादीची खोळ, बाळाची रबरी चादर – हे टॉप-लोडमध्ये पिळायला लावू नका. पाणी त्याच्या घडीत अडकतं आणि टब पूर्ण वेगात असताना एकदम एका बाजूला जातं. इथे २०१६ साली एका मोठ्या कंपनीने सुमारे २८ लाख टॉप-लोड मशीन परत बोलावली होती, कारण पिळताना जोरात हादरून वरचा भागच सुटून येऊ शकत होता. तेव्हापासून खोळ मी हातानेच धुते.

मालवणातून

खारी हवा. मशीनचा तळ तीन पावसाळ्यांत गंजला. आता प्लास्टिकच्या स्टँडवर ठेवलंय, आणि मे महिन्यात खालच्या पत्र्याला रंगाचा हात देतो. आणि उंदीर! तळ उघडा असेल तर पहिल्यांदा जाळी ठोका. आमच्याकडे वायर कुरतडली गेली ती गणपतीच्या आदल्या रात्री.

नाशिककर

मशीन धुवायचं, पिळायचं नाही. आलेले गृहस्थ दोन मिनिटांत म्हणाले, "पीसीबी गेलं, ५,२०० रुपये." पीसीबी म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. मागचं झाकणही उघडलं नव्हतं. मला ते पटलं नाही, पण बायकोला रोज हाताने पिळावं लागत होतं, म्हणून जवळजवळ हो म्हणणार होतो. मुलीने सहज झाकणाच्या कडेला हाताने दाबून धरलं आणि टब गरकन फिरला. झाकणाच्या कडेत आत लहान चुंबक असतं, त्यावरून मशीनला झाकण बंद असल्याचं कळतं. ते आपल्या जागेवरून घसरलं होतं. कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुरुस्तीवाल्या काकांनी ते चिकटवून दिलं आणि १५० रुपये घेतले.

राग अजून गेलेला नाही. बोर्ड खराब होतो, विजेच्या चढउतारात होतोच. पण बदलला तर जुना बोर्ड मागून घ्या, आणि नवा लावण्याआधी तपासणी डोळ्यांसमोर करायला सांगा.

निवृत्त आयटीआय निदेशक

घरी कशाला हात लावू नये असं विचारलंत. माझं उत्तर विजेपुरतं.

मशीनच्या पत्र्याला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, हे कितीतरी घरांत 'होतं थोडं' म्हणून सोडून देतात. सोडू नका. आतल्या विजेच्या फिल्टरमधून थोडा प्रवाह बॉडीवर येतोच. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्यातून जातो. वायरमनला बोलावून फेज आणि अर्थ यांमधला दाब मोजायला सांगा. तो फेज-न्यूट्रलइतकाच, २३० व्होल्टच्या आसपास भरला पाहिजे. काही जुन्या घरांत अर्थची पिन न्यूट्रललाच जोडून ठेवलेली मी पाहिली आहे. मीटर मग बरोबर दाखवतो, पण न्यूट्रल तुटली की सगळा पत्रा जिवंत होतो. म्हणून सॉकेट उघडून बघायला सांगा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या.

दुसरं, कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला रेटा देणारा भाग. मोटर घुं घुं करते आणि फिरत नाही, तेव्हा जुन्या मशीनमध्ये बहुधा तोच गेलेला असतो. भाग स्वस्त आहे, म्हणून लोक स्वतः बदलायला जातात. प्लग काढल्यावरही त्यात विद्युतभार राहू शकतो. माझ्या एका विद्यार्थ्याचा हात त्याने भाजला होता. जाळी, पाइप, पाय, थाळी हे सगळं प्लग काढून जरूर करा. वायरीपाशी आलात की थांबा.

म्हापशाहून

दुरुस्तीचं नाही, पण लिहायलाच हवं. आमची तीन वर्षांची मुलगी स्टूल ओढून मशीनवर चढली होती. टबात कपडे भिजत होते, झाकण उघडं होतं, ती आत वाकलेली आणि पाय स्टुलावरून सुटलेले. मी मागून धरलं म्हणून. वास येऊ नये म्हणून झाकण उघडं ठेवायचं, तर टब रिकामा आणि कोरडा असतानाच. भिजत ठेवायचं तर झाकण बंद आणि कुलूपबटण दाबून. स्टूल आता त्या खोलीत नसतं.

धागाकर्ती

म्हापशाच्या ताई, वाचून हात थांबले. आमच्याही ड्राय बाल्कनीतलं स्टूल आत्ता उचललं.

निदेशक सर, वायरमन उद्या येतोय. झिणझिण्या आमच्याकडेही येतात आणि आम्हीही 'थोडं होतं' म्हणत होतो.

सांगलीच्या ताई, आज थाळी काढायला बसले. टोपण निघालं, स्क्रू गंजलाय, जागचा हलत नाही. जोर लावून खाच घालवायची नाही म्हणून थोडं गंज सोडवायचं तेल सोडून ठेवलंय. सकाळी पुन्हा बघते.