मातीच्या भिंतींवर स्लॅब नको. घर मोठं आहे, जुनं आहे, पण पाडायचं का?

जांबोटीकडचा
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमचं नऊ खोल्यांचं घर आहे. पुढं सोपा, मग माजघर, अंधारं स्वैपाकघर, वर माडी, मागं परडं. जोतं जांभ्याचं, भिंती दोन फुटी मातीच्या, तुळया ऐन-किंदळाच्या, वर मंगळुरी कौलं. धाकटा भाऊ बायको-मुलांसह आता कायमचा तिथं राहणार आहे. आईची गुडघेदुखी वाढली आहे. त्यामुळं काम काढायचंच आहे, यावर घरात दुमत नाही. गावातल्या ठेकेदारानं मात्र सांगितलं, "कौलं उतरवा, भिंती आहेत तशाच ठेवू, वर स्लॅब टाकू." हे मला पटत नाही.

साधा हिशेब मांडतो. दहा बाय दहाच्या खोलीवर पाच इंची स्लॅब ओतला, तर नुसत्या स्लॅबचं वजन तीन टनांच्या आसपास जातं. तेवढ्याच जागेवरची कौलं वाशा-रिपांसकट पाऊण टनही भरत नाहीत. जी भिंत कौलांचं ओझं पेलायला रचली, तिच्यावर चौपट भार टाकायचा? तोही आमच्याकडच्या पावसात? पलीकडं कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, त्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर भिंतींचा ओलावा जात नाही. माझं म्हणणं, छप्पर आणि भिंती राहू द्याव्यात, आतलं बदलावं. तुमचं काय मत?

चिकोडीची सून
दादा, राग मानू नका. जुन्या घराचं कौतुक करणारे बहुतेक जण वर्षातून गणपतीला आणि मे महिन्यात येतात. त्या स्वैपाकघरात रोज उभं राहणारी बाई कौतुक करत नाही. मी अशाच घरात बारा वर्षं काढली. दिवसा बल्ब लावल्याशिवाय तांदळातला खडा दिसत नव्हता. न्हाणी परड्यात, संडास त्याच्याही मागं. बाळंतीण असताना पावसात छत्री धरून गेले आहे. तुमच्या आईंना रात्री दोनदा उठावं लागत असेल तर आधी तो विचार करा, तुळयांचा नंतर. आम्ही पाडून बांधलं. मला एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही.

दूधगंगाकाठ
ताईंशी सहमत. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतो ना? आमच्या पट्ट्यात पाणी ओसरल्यावर मातीची घरं एकामागोमाग बसली. भिंत पाण्यात उभी असताना टिकली, आणि वाळताना खालून सुटली. शेजारच्यांचा शंभर वर्षांचा वाडा डोळ्यांदेखत गेला. तेव्हापासून मातीची भिंत म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. माणसं वाचली हेच खूप. काँक्रीटचे खांब असलेलं घर चिखल धुऊन परत वापरता आलं.

जांबोटीकडचा
दूधगंगाकाठ, तुमच्या जागी मीही पाडलंच असतं. नदीकाठी मातीची भिंत नको, हे मान्य. आमचं घर चढावर आहे, पुराचं पाणी तिथं येत नाही. दोन्ही ठिकाणांना एकच नियम लावला तर चूक होईल.

गवंडीकामातला
तीस वर्षं हेच काम करूलालोय, म्हणून दोन्हीकडचं सांगतो. मातीच्या भिंतीवर स्लॅब नकोच, भाऊ बरोबर बोलूलाल्यात. पण "छप्पर राहू द्या" म्हणणाऱ्यांनी आधी तुळईचं भिंतीत गेलेलं टोक बघितलंय का? मधली तुळई दगडासारखी टणक दिसते, कुजते ती टोकाला, भिंतीच्या ओलीत. छिन्नीनं टोचून बघा. बद्द आवाज आला किंवा छिन्नी आत गेली तर ती तुळई बदला, वाळवीचं औषध जोत्याभोवती मारून घ्या. आणि मातीवर सिमेंटचा गिलावा करू नका की! सगळे तीच चूक करूलाल्यात. आतली ओल बाहेर पडत नाही, दोन पावसाळ्यांत गिलावा फुगून सुटतो. चुन्याचा करा. कारागीर मिळवायला त्रास होतो, खर्चही जास्त, पण इलाज नाही.

शहापूरचा पुतण्या
कारागिराचंच बोला. कौलं परतायला दरवर्षी मे महिन्यात माणूस कुठून आणायचा? आमच्या गावी वानरांची टोळी छपरावरून गेली की वीस-पंचवीस कौलं फुटतात. काका सत्तरीत शिडीवर चढतात ते मला बघवत नाही. भावनेपोटी घर ठेवायचं आणि त्याची सेवा मात्र म्हाताऱ्यांनी करायची, हा अन्याय आहे. आणखी एक. उतारा कुणाच्या नावावर आहे? ई-स्वत्तूचे फॉर्म, म्हणजे कर्नाटकातले ग्रामपंचायतीचे घराचे ऑनलाइन उतारे, आजोबांच्याच नावानं असतील तर वारसांची नोंद होईपर्यंत बँक कर्जाचं बोलणंसुद्धा पुढं नेत नाही. आमची चार वर्षं त्यातच गेली. मुंबईच्या आत्यांच्या सह्या मिळाल्या, तोवर माडीचा मागचा खण खाली आला होता.

जांबोटीकडचा
उताऱ्याचं ध्यानात घेतलं, कारण तो खरोखर आजोबांच्याच नावानं आहे. या आठवड्यात दोन्ही काकांशी बोलतो.

वानरांवर माझ्याकडं उत्तर नाही. जाळी मारलेली घरं पाहिली आहेत, ती किती टिकते ते बघावं लागेल.

पण ताई, तुमचं वाचून काल रात्री भावजयीला फोन केला. घराबद्दल तिला मी आजवर काही विचारलंच नव्हतं, सगळं बोलणं भावाशीच. ती म्हणाली, "दादा, माजघर राहू द्या, उन्हाळ्यात मुलं तिथंच निजतात, पंखासुद्धा लागत नाही. स्वैपाकघर मात्र मला परड्याच्या बाजूला पाहिजे, खिडकीसमोर ओटा." म्हणून आराखडा बदलला आहे. परड्याकडं स्वतंत्र पायावर, स्वतःच्या खांबांवर नवा भाग: स्वैपाकघर, आईची खोली, तिला लागून संडास-बाथरूम. जुन्या भिंतीत पाण्याची एकही पाईप जाणार नाही. नव्या-जुन्यात बोटभर फट ठेवायची, म्हणजे एक खचलं तरी दुसऱ्याला तडा जाणार नाही. जुन्या स्वैपाकघराची कोठी करायची आणि छपरात चार काचेची कौलं घालायची. वायरिंग सगळं नवं, अर्थिंगसकट, कारण आजवर घराला अर्थिंगच नव्हतं.

चिकोडीची सून
आईंच्या खोलीपासून संडासापर्यंत उंबरा ठेवू नका. आणि भिंतीला धरायला दांडी बसवा, आत्ताच. फरशी लागल्यावर कुणी बसवत नाही.

गवंडीकामातला
नव्या खांबांचे खड्डे जुन्या भिंतीपासून निदान चार फूट लांब घ्या. पावसाआधी खणून भरून टाका. उघडा खड्डा जूनमध्ये भरला तर जुनी भिंतच आत येते. आणि तुळयांची टोकं दाखवा मला, खानापूरला आठवड्यातून दोनदा असतो मी.