डनिचचं बंदर आधी गेलं

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं डनिच हे बंदराचं गाव एका रात्रीत बुडालं, असं कोणी कोणी म्हणतं. तसं नाही झालं, आणि मला तर खरी गोष्ट जास्त चटका लावते.

सफक परगण्यातला तिथला किनाऱ्याचा कडा वाळू आणि गोट्यांचा, खडक नाहीच. लाटा पायथा पोखरतात आणि वरची जमीन ढासळते. 1086 च्या डूम्सडे नोंदणीतच (इंग्लंडच्या राजाने करवून घेतलेली जमीनजुमल्याची मोजदाद) समुद्राने शेतजमीन गिळल्याची नोंद आहे! तरी गाव वाढत राहिलं, कारण नदीच्या मुखाशी चांगलं बंदर होतं. 1286 पासूनच्या वादळांनी घरं नेली, पण वर्मी घाव बसला 1328 मध्ये. गोट्यांच्या बांधाने बंदराचं तोंडच बुजलं, नदी उत्तरेला वळली आणि व्यापारही तिच्यामागे गेला. उत्पन्नच आटल्यावर किनारा सावरणार कोण?

कडा ढासळतच राहिला; गावातल्या ऑल सेंट्स चर्चचा मनोरा 1919 च्या सुमारास कोसळला. गंमत म्हणजे उरल्यासुरल्या गावातून 1832 पर्यंत दोन खासदार निवडून जात होते.

तिथलं पाणी इतकं गढूळ की बुडी मारणाऱ्यांना जवळजवळ काही दिसत नाही. अलीकडे सोनार यंत्राने (ते ध्वनिलहरींनी तळ टिपतं) समुद्रतळाचे नकाशे काढले, तेव्हा चर्चचे अवशेष सापडले. ते नकाशे जरूर पाहा.