दोन स्विचना जोडणारी पीअर लिंक तुटली की वरच्या स्विचवरचं सगळं गप्प, जोडली की परत अर्धा मिनिट गायब. कुणाला कारण कळतंय का?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही. आमच्याकडे दोन नेक्सस ९००० स्विच आहेत, व्हीपीसीची जोडी, म्हणजे सर्व्हरला दोन्ही मिळून एकच स्विच वाटतात. आधी दोन्ही तळमजल्यावर एकाच रॅकमध्ये होते, पण जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणात पाणी कुठवर चढलं ते सगळ्यांनी बघितलंय, म्हणून नंतर एक पहिल्या मजल्यावर आणि एक तिसऱ्यावर नेला. पीअर लिंकला दहा गिगाबिटचे दोन पोर्ट, दोन्ही फायबर एकाच शाफ्टमधून. कीपअलाइव्ह, म्हणजे समोरचा स्विच जिवंत आहे का ते बघणारा निरोप, मॅनेजमेंट पोर्टवरून एका छोट्या वेगळ्या स्विचमधून जातो, त्याची केबल जिन्याच्या बाजूने आहे.

तर पावसाआधी गळती काढायला माणसं आली आणि शाफ्टमध्ये काम करताना दोन्ही फायबर ओढल्या गेल्या. पीअर लिंक गेली. जे लिनक्स सर्व्हर दोन्ही स्विचला बाँडने (दोन केबल एकत्र बांधून) जोडलेत त्यांचे एक-दोन पिंग हुकले, बस. पण तिसऱ्या मजल्यावरच्या स्विचला एकाच केबलने लटकलेला नॅस (नेटवर्कवरचा स्टोरेज) पूर्ण बंद, आणि ईएसएक्सआय सर्व्हरवरच्या काही व्हीएम (आभासी मशीन) पण गेल्या, काही चालू राहिल्या. पोर्टचा दिवा मात्र हिरवाच! आणि फायबर बदलून लिंक वर आली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची तीच मंडळी लगेच आली नाहीत, साधारण अर्धा मिनिट गेलं. दोन दोन स्विच घेऊन ठेवलेत ते ह्याच दिवसासाठी ना? हा लॉस कमी कसा करायचा?

कुडाळ_रॅक

स्विच बिघडलेला नाही, व्हीपीसी असंच वागते आणि मुद्दाम वागते. पीअर लिंक गेली पण कीपअलाइव्ह जिवंत आहे म्हणजे समोरचा स्विच चालू आहे हे दोघांनाही माहीत आहे, मग सेकंडरी (जोडीतला दुय्यम स्विच, तुमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरचा; मुख्य तो प्रायमरी) स्वतःचे सगळे व्हीपीसी पोर्ट आणि व्हीलॅन इंटरफेस, म्हणजे सर्व्हरचे गेटवे, बंद करतो. तसं केलं नाही तर मॅक आणि एआरपीच्या नोंदींचा (कोणता पत्ता कुठे आहे) ताळमेळ नसलेले दोन स्विच एकाच सर्व्हरशी बोलत बसतील. बाँडवाले सर्व्हर म्हणूनच वाचले, त्यांचा सेकंडरीकडचा पाय खरोखर डाऊन झाला आणि ते प्रायमरीवर गेले.

मार खातात ते एकट्या केबलवाले, ज्यांना ऑर्फन पोर्ट म्हणतात. सेकंडरी त्यांचा पोर्ट बंद करत नाही. दिवा हिरवा, पण मागे गेटवे नाही आणि पलीकडे जायला पीअर लिंक पण नाही. तुमच्या ज्या व्हीएम गेल्या त्यांचा अपलिंक त्या क्षणी तिसऱ्या मजल्याच्या स्विचवर होता, ईएसएक्सआयला लिंक चालू दिसतेय म्हणून त्याने दुसऱ्या कार्डावर उडी मारलीच नाही. ईएसएक्सआयच्या त्या पोर्टांवर ऑर्फन पोर्ट सस्पेंड लावा, मग पीअर लिंक गेली की सेकंडरी तो पोर्टही पाडतो आणि सर्व्हरला कळतं. नॅसला ह्याचा उपयोग नाही, त्याला दुसरी केबलच नाही तर पोर्ट पाडून काय मिळणार. नॅसमध्ये दुसरा पोर्ट असेल आणि एलएसीपी (केबल एकत्र बांधायचा प्रोटोकॉल) चालत असेल तर दोन्हीकडे जोडा. नसेलच तर प्रायमरीवर हलवा, पण एक लक्षात ठेवा, रोल चिकटून राहतो. प्रायमरी एकदा रिबूट झाला की दुसरा ऑपरेशनल प्रायमरी होतो आणि पहिला परत आला तरी रोल आपोआप फिरत नाही. शो व्हीपीसी रोल अधूनमधून बघत जा, नाहीतर नॅस ज्याला प्रायमरी समजून जोडला तोच सेकंडरी निघायचा.

दापोली_लिनक्स

वरच्या उत्तराशी सहमत, सर्व्हरच्या बाजूचं थोडं सांगते. एक-दोन पिंग हुकले म्हणताय पण पिंग दर सेकंदाला असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. लिनक्सवरून दर ०.२ सेकंदाला पिंग चालू ठेवा, हुकलेले आकडे गुणिले ०.२ म्हणजे खरा खंड किती ते कळेल. बाँडिंगमध्ये एमआयआय मॉन १०० ठेवलं असेल तर लिंक डाऊन झाल्याचं दर १०० मिलिसेकंदाला तपासलं जातं, तेवढं पुरतं.

एलएसीपीचा रेट फास्ट करा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. स्लोमध्ये ३० सेकंदाला एक पॅकेट आणि ९० सेकंदाला टाइमआउट, फास्टमध्ये १ आणि ३. ऐकायला मोठा फरक वाटतो, पण पोर्ट सरळ डाऊन होत असेल तर टायमरची वाट कुणी बघतच नाही. मध्ये मीडिया कन्व्हर्टर आहे किंवा फायबरचा एकच धागा गेलाय, म्हणजे दिवा हिरवा आणि पलीकडे कुणी नाही, तेव्हाच फास्ट कामाला येतो. तसं काही मध्ये असेल तर जरूर करा. नसेल तर तुमचा हा लॉस त्याने कमी होणार नाही.

ईएसएक्सआयवर साधा व्हीस्विच (त्याच्या आतला आभासी स्विच) आहे का? त्यावर एलएसीपी चालत नाही, त्याला डिस्ट्रिब्युटेड लागतो. साधाच असेल तर टीमिंगमध्ये (नेटवर्क कार्डांच्या जोडणीत) फेलबॅक नो करून बघा. लिंक वर आल्या आल्या व्हीएम परत त्या कार्डावर पळतात आणि तेव्हा स्विच पॅकेट पुढे पाठवायला तयार नसतो.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

साधाच व्हीस्विच आहे ताई. कुडाळवाले दादा, नॅसला दुसरा पोर्ट आहे, ह्या रविवारी करतो. पण परत येतानाचा अर्धा मिनिट अजून कळला नाही. नॅसचा पोर्ट तर पडलाच नव्हता, त्याला फेलबॅकचा प्रश्न नाही.

मिऱ्या_फायबर (रत्नागिरी)

नॅस आणि ईएसएक्सआयचे पोर्ट स्पॅनिंग ट्रीत (लूप टाळणारा प्रोटोकॉल) एज, म्हणजे पलीकडे स्विच नाही असे, लावलेत का ते आधी बघा. मला नव्वद टक्के तिथेच वाटतंय, कारण अर्धा मिनिट म्हणजे १५ अधिक १५, फॉरवर्ड डिलेचे दोन टप्पे.

होतं काय, पीअर लिंक गेली की सेकंडरीला रूट (स्पॅनिंग ट्रीतला मुख्य स्विच) दिसत नाही, तो स्वतःलाच रूट समजतो. लिंक परत आली की खरा रूट पलीकडे दिसतो आणि पीअर लिंक त्याचा रूट पोर्ट होतो. रॅपिड स्पॅनिंग ट्रीचा नियम असा की नवीन रूट पोर्ट चालू करण्याआधी एज नसलेले सगळे डेझिग्नेटेड पोर्ट (रूटपासून लांबच्या बाजूचे) थोपवायचे आणि पलीकडच्या स्विचने होकार दिला की लगेच सोडायचे. पलीकडे नॅस आहे, तो होकार कुठून देणार? मग स्विच टायमर संपेपर्यंत थांबतो, १५ सेकंद डिस्कार्डिंगचे, १५ लर्निंगचे. दिवा ह्या सगळ्यात हिरवाच राहतो, म्हणून डोकं फिरतं. साध्या पोर्टला पोर्ट टाइप एज, ईएसएक्सआयच्या ट्रंकला (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या पोर्टला) एज ट्रंक, आणि सोबत बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीचा निरोप आला की पोर्ट बंद करणारा) लावाच, नाहीतर उद्या कुणीतरी त्या पोर्टला छोटा स्विच अडकवेल आणि लूप होईल.

डिले रिस्टोर पण बघून घ्या, डीफॉल्ट ३० सेकंद आहे. परत आलेल्या स्विचने आपले व्हीपीसी पोर्ट किती उशिरा उघडायचे ते ह्यावर ठरतं. वर ओएसपीएफ (राउटिंग प्रोटोकॉल) चालवत असाल तर शेजारी जुळून राउट, म्हणजे पुढचे मार्ग, यायला वेळ लागतो, राउट नसताना पोर्ट उघडले तर सर्व्हर अर्धा ट्रॅफिक त्याच्याकडे टाकणार आणि तो टाकून देणार. राउट किती वेळात येतात ते मोजून त्याहून जास्त ठेवा. लोक हा आकडा कमी करायला जातात, लवकर उघडलं म्हणजे चांगलं असं वाटतं म्हणून. उलट आहे, तोवर प्रायमरी सगळं सांभाळतोय, घाई कसली. आणि एआरपी सिंक्रोनाइझ चालू ठेवा.

आता शाफ्टबद्दल, हे मी अगदी मनापासून सांगतोय. पीअर लिंकचे दोन पोर्ट एकाच वाटेने नेले तर एकाच झटक्यात दोन्ही जाणार, तुमच्याकडे गेलेच. एक फायबर जिन्याच्या बाजूने न्या. पण मग कीपअलाइव्हची केबल तिथून काढून तिसऱ्याच वाटेने न्या, आणि काहीही झालं तरी कीपअलाइव्ह पीअर लिंकवरून नेऊ नका. तो आधी मेला आणि मागून पीअर लिंक गेली तर सेकंडरीला वाटतं प्रायमरी मेला, मग दोघेही प्रायमरी, आणि तो गोंधळ तुमच्या नॅसच्या बंद पडण्यापेक्षा फार वाईट. तुमचा तो छोटा मॅनेजमेंट स्विच यूपीएसवर आहे ना? आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको, तो भिंतीच्या सॉकेटवर असेल तर प्रत्येक वेळी कीपअलाइव्ह जाणार.

कुडाळ_रॅक

एजचं बरोबर पकडलंत, माझ्या डोक्यात फक्त डिले रिस्टोर होतं. किनाऱ्याजवळ असाल तर फायबरची टोकं पण पुसून घ्या, दमट खारी हवा आणि धूळ ह्यांचा थर बसतो. शो इंटरफेस ट्रान्सीव्हर डिटेल्समध्ये आरएक्स पॉवर (येणाऱ्या प्रकाशाची ताकद) पावसाआधी लिहून ठेवा आणि गणपतीनंतर परत बघा, हळूहळू उतरत असेल तर लिंक तुटायच्या आधी कळतं. एकच धागा जाण्याची भीती असेल तर यूडीएलडी (एकतर्फी लिंक ओळखणारं) लावा.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

बघितलं, नॅस आणि ईएसएक्सआयचे सगळे पोर्ट नॉर्मल टाइपवर होते. आज रात्री एज आणि बीपीडीयू गार्ड लावतोय. छोटा स्विच खरंच साध्या सॉकेटवर आहे, उद्या इलेक्ट्रिशियनला बोलावलंय. रविवारी नॅसची दुसरी केबल जोडली की मुद्दाम पीअर लिंक काढून ०.२ चा पिंग लावून बघतो, तुटताना आणि जोडताना दोन्ही वेळचे आकडे इथेच टाकतो. फक्त एक सांगा, चाचणी करताना दोन्ही फायबर एकदम काढू की एकेक?

मिऱ्या_फायबर (रत्नागिरी)

आधी एकच काढा, तेव्हा जवळजवळ काहीच हुकायला नको, आणि हुकलं तर पोर्ट चॅनेल (दोन पोर्टांची एकत्र बांधणी) नीट बांधलेला नाही असं समजा. मग दुसरी. कीपअलाइव्हला मात्र त्या दिवशी हात लावू नका.