अनुभव धागा : भिंत चाटणारा मोती, आणि तुमच्याकडचे

गोदाकाठ :
आज सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडवर चालायला गेले असता एका इमारतीच्या कुंपणापाशी पिवळसर रंगाची गावठी कुत्री भिंत चाटताना दिसली. मान तिरकी करून, एकाच जागी, इतकी तल्लीन होऊन चाटत होती की मी दोन हात अंतरावर जाऊन उभी राहिले तरी तिने वळून पाहिले नाही. सिमेंटचा तेवढा भाग ओला होऊन काळा पडला होता. माझा तिथून पाय निघेना, कारण आमच्या पंचवटीतल्या वाड्यात मोतीने अशीच भिंत चाटली होती आणि आम्ही घरातल्या सगळ्यांनी मिळून दोन वर्षे त्याचा चुकीचा अर्थ लावला होता.

मोती रात्रीच चाटायचा. अडीच-तीनच्या सुमारास ओसरीवरून लप् लप् असा आवाज सुरू व्हायचा आणि थांबत थांबत अर्धा तास चालायचा. मध्येच तो काहीतरी गिळल्यासारखी मान पुढे काढायचा, ओठांवरून जीभ फिरवायचा आणि अंगणात धावत जाऊन दिसेल ते गवत अधाशासारखे ओरबाडायचा. त्याला चुन्याची चटक लागली आहे, असे आजीचे म्हणणे. वडिलांनी भिंतीला कडुनिंबाचा पाला वाटून लावला, तेव्हा त्याने भिंत सोडून शहाबादी फरशी धरली. फरशीलाही लावला, तेव्हा जोत्याचा दगड धरला. चाटायची जागा बदलत होती पण चाटणे थांबत नव्हते, आणि एवढ्यावरून तरी आम्हाला कळायला हवे होते की त्याला चुना नको होता.

पुढे एका डॉक्टरांनी त्याच्या पोटावर हात ठेवून हलकेच दाबले, तसा तो आखडला. आम्ही त्याला संध्याकाळी सातला दूध-पोळी घालायचो आणि त्यानंतर थेट सकाळी. रिकाम्या पोटात पित्त येऊन त्याला रोज रात्री मळमळत होते आणि जठराला सूज होती. औषध सुरू झाले, दूध बंद झाले, जेवण दिवसातून तीनदा थोडे थोडे आणि शेवटचे रात्री साडेदहाला, असे ठरले. तीन आठवड्यांत ओसरीवरचा तो आवाज बंद झाला. कडुनिंबाच्या कडू लेपावरूनही जीभ फिरवणारा मोती मला अजून दिसतो. मळमळ किती असेल, की त्याला तो कडूपणाही चालला.

तुमच्याकडच्या मुक्या जिवांनी काय चाटले, काय गिळले आणि त्यामागे शेवटी काय निघाले, ते कृपया लिहा.

सातपूरकर :
आमच्याकडे माती. तुळशीच्या कुंडीतली संपली की पायरीखालची. खंड्या चार वर्षांचा होता आणि यापूर्वी त्याने मातीला कधी तोंड लावले नव्हते, म्हणून आईला शंका आली. तिने त्याचा ओठ वर करून पाहिला, तर हिरड्या गुलाबी असायच्या त्या कागदासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. कुत्र्याचे हिमोग्लोबिन साधारण १२ ते १८ असावे लागते, त्याचे ५.८ आले. रक्ताच्या काचपट्टीवर गोचीड तापाचे जंतू दिसले. डॉक्सीसायक्लिन पूर्ण २८ दिवस द्यावे लागले, कारण बरे वाटू लागले म्हणून मध्येच थांबवले तर ताप उलटतो, असे डॉक्टरांनी बजावले होते. रक्त भरू लागले आणि माती खाणे आपोआप सुटले. आम्हाला त्याला एकदाही अडवावे लागले नाही.

मखमलाबादची :
@सातपूरकर, गोचिडी अंगावर दिसत होत्या का? आमच्या चिंगीच्या अंगावर एकही नाही, पण कालपासून ती कुंडीजवळ घुटमळते आहे.

सातपूरकर :
@मखमलाबादची, दोनच होत्या, त्याही कानाच्या आतल्या घडीत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात. पाठीवरून हात फिरवून त्या सापडत नाहीत. आधी हिरड्या पाहा.

दिंडोरीचा शेतकरी :
गाय हाडे चघळू लागली किंवा माती चाटू लागली की आमच्याकडे तिला स्फुरद (फॉस्फरस) कमी पडला असे ओळखतात आणि गोठ्यात क्षारांची चाटण वीट टांगतात. त्याच समजुतीने मी माझ्या कुत्र्याकडे पाहिले आणि मोठी चूक केली.

ऑक्टोबर छाटणीच्या आधी द्राक्षबागेत खत भरण्याचे काम चालू होते. शेरू वेलींच्या बुंध्यापाशी माती उकरून खात होता. अंगात क्षार कमी असतील, खाऊ दे, असे म्हणून मी त्याला हटकले नाही. तो माती खात नव्हता; मातीत मिसळलेली एरंडीची पेंड खात होता. पेंडीचा वास कुत्र्यांना ओढून घेतो आणि तिच्यात एरंडीच्या बियांमधले रिसिन नावाचे विष उरलेले असू शकते, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि पोत्यावरही लिहिलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या आणि दुपारी शौचातून रक्त पडू लागले. चार दिवस सलाईनवर ठेवल्यावर तो वाचला. त्या चार दिवसांत मी बागेत गेलो नाही, गोठ्याच्या दारात त्याच्याजवळ बसून राहिलो.

आता पेंड भरल्यावर वरून मातीचा जाड थर देतो, आठ दिवस शेरूला बांधून ठेवतो आणि रिकामी पोतीसुद्धा माळ्यावर टाकतो. द्राक्षे आणि मनुकेही कुत्र्याला देऊ नका; त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आपल्या जिल्ह्यात हंगामात घराघरात पाट्या भरलेल्या असतात आणि खाली पडलेले मणी कुत्रेच वेचते, म्हणून आवर्जून लिहीत आहे.

कॉलेजरोड :
@दिंडोरीचा शेतकरी, दादा, वाचून घसा दाटून आला. शेरूला माझ्याकडून कुरवाळा.

शुश्रूषा :
मी पशुवैद्यकीय क्षेत्रात काम करते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. गोदाकाठताईंनी मोतीबद्दल जे लिहिले आहे त्याला अभ्यासाचा आधार आहे. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी भिंती, फरशा, गालिचे असे पृष्ठभाग सतत चाटणाऱ्या १९ कुत्र्यांची तपासणी केली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी १४ कुत्र्यांच्या पचनसंस्थेत दोष सापडला : कोणाला जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा संसर्ग होता, कोणाचे जठर फार उशिरा रिकामे होत होते, कोणाच्या स्वादुपिंडाला जुनाट सूज होती. पोटाचे उपचार केल्यावर अनेकांचे चाटणे कमी झाले किंवा पूर्ण थांबले. ज्याला आपण सवय किंवा चाळा म्हणतो, त्याची तपासणी पोटापासून सुरू करावी, असे मी म्हणते ते यामुळे.

गाईच्या क्षारांचा नियम कुत्र्याला सहसा लागू पडत नाही. संतुलित आहार मिळणाऱ्या कुत्र्यात क्षारांची उणीव क्वचितच असते, त्यामुळे मनाने कॅल्शियमची पावडर सुरू करू नये. नुसत्या दूध-पोळीवर वाढलेल्या कुत्र्याचा आहार मात्र जरूर तपासून घ्यावा. पिल्लू माती खात असेल तर पहिला संशय जंतांवर घ्या. अंकुशकृमी आईच्या दुधातूनही पिल्लाच्या पोटात जातात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. तीन-चार महिन्यांपासून दुधाचे दात पडू लागतात, तेव्हा पिल्लू चपला आणि खुर्चीचे पाय चघळते, ते वेगळे. त्यात चघळणे असते, गिळणे नसते. अधूनमधून थोडे गवत खाणाऱ्या धडधाकट कुत्र्याचीही चिंता करू नका. रोज, घाईघाईने, चाटण्याच्या जोडीने खात असेल तर दाखवा.

इंदिरानगर :
गिळण्यावरून सांगते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी बंडूच्या शौचाच्या जागेतून वीतभर मांजा लोंबत होता. गच्चीवर पतंगाच्या दिवशी खाऊ सांडला होता आणि त्याच्यासोबत त्याने दोराही गिळला असावा. माझ्या भाच्याने ओढायला हात पुढे केला आणि मी त्याचा हात धरला, एवढेच माझ्याकडून बरोबर झाले. बंडूचे ऑपरेशन झाले.

शुश्रूषा :
@इंदिरानगर, तुम्ही हात धरलात म्हणून तो वाचला. दोऱ्याचे एक टोक आत अडकलेले असते आणि आतडे त्यावर परकराच्या नाडीवर कापड गोळा व्हावे तसे चुण्या पडून गोळा होते. ओढले तर दोरा आतडे कापत जातो. बाहेर दिसणारा दोरा कधीही ओढू नये. आणखी एक विनंती : काही गिळले म्हणून उलटी काढण्यासाठी मिठाचे पाणी पाजू नका. त्याने रक्तातले मीठ वाढून जीव जाऊ शकतो.

अंबडची रात्रपाळी :
मोजे. आजवर अकरा मोजे आणि एक रुमाल, बहुतेक उलटीतून परत आले. लॅब्रॅडॉर, तीन वर्षांचा. रक्त, शौच, सोनोग्राफी सगळे व्यवस्थित निघाले, म्हणून पोटाचे कारण प्रत्येक वेळी असतेच असे नाही, हेही इथे नोंदवतो. मी कंपनीत रात्रपाळीला जातो आणि पत्नी माहेरी असली की तो दहा तास एकटा राहतो. तो मोजे नेमके त्याच दिवसांत गिळायचा आणि तेही माझेच, धुवायच्या टोपलीतले. आधी मी ओरडून त्याच्या मागे धावायचो. त्याला वाटायचे की वस्तू हिसकावली जाणार, म्हणून तो ती चटकन गिळून टाकायचा. गिळायला मीच शिकवले, असे म्हणावे लागेल. आता धावत नाही. खिशात भाजलेले चिकन असते, शांतपणे ‘दे’ म्हणतो, तो मोजा खाली ठेवतो आणि चिकन घेतो. निघण्यापूर्वी पाऊण तास पांडवलेण्याच्या बाजूला चालवून आणतो आणि शेजारचे काका रात्री नऊला येऊन त्याच्याजवळ बसतात. चार महिन्यांत एकही मोजा गेलेला नाही.

मखमलाबादची :
@अंबडची रात्रपाळी, असे काका सर्वांना मिळोत. आमच्या शेजारी कुत्र्याचे नाव काढले तरी दार लावतात.

त्र्यंबक रस्ता :
पावसाळ्यात अंजनेरीच्या बाजूला भुट्टे खाऊन लोक दाणे काढलेली कणसे तिथेच टाकतात. कृपया टाकू नका. आमच्या बीगलने एक अर्धे कणीस चावून न खाता सबंध गिळले आणि आम्हाला कळलेही नाही. पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, त्याने अन्न सोडले, शौच बंद झाले. पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग उंच करून, नमस्कार घातल्यासारखा तो तासन्‌तास उभा राहायचा. पहिल्या दवाखान्यात अपचन म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवले. एक्स-रेमध्ये कणीस नीट दिसत नाही, हे नंतर समजले. सोनोग्राफीत आतड्यातला अडथळा दिसला आणि त्याच संध्याकाळी ऑपरेशन झाले. बाहेर काढलेला तुकडा आम्हाला ट्रेमध्ये दाखवला, करंगळीएवढाच होता. त्या नमस्काराची खूण ओळखता आली असती तर त्याचे दोन दिवसांचे दुखणे वाचले असते, हे मनातून जात नाही.

कॉलेजरोड :
जर्मन शेफर्ड स्वतःची विष्ठा खात असेल तर? लिहायला संकोच वाटतो, पण घरात यावरून रोज भांडण होते आहे.

शुश्रूषा :
@कॉलेजरोड, संकोच करू नका. तो भरपूर खाऊनही वाळत चालला आहे का, आणि शौच ढीगभर, फिकट आणि तेलकट होते का?

कॉलेजरोड :
दोन्ही होय. सहा महिन्यांत सात किलो वजन उतरले.

शुश्रूषा :
मग स्वादुपिंडातून पाचकरस पुरेसा येतो का, हे पाहणारी रक्ताची तपासणी करून घ्या. या जातीत हा आजार विशेष आढळतो. अन्न न पचताच बाहेर पडते आणि उपाशी शरीर तेच पुन्हा खायला लावते. जेवणात पाचकरसाची पावडर आयुष्यभर मिसळावी लागते, पण कुत्री त्यावर चांगली जगतात. तोपर्यंत त्याला मारू नका, एवढे घरात सांगा.

मखमलाबादची :
चिंगीच्या हिरड्या आत्ता टॉर्च लावून पाहिल्या, गुलाबी आहेत. जंतांचे औषध मात्र सात महिने झाले तरी दिलेले नाही. आजच आणते.

गोदाकाठ :
सगळ्यांचे वाचले, काही दोनदा वाचले. संध्याकाळी पुन्हा त्या भिंतीपाशी गेले होते. ती कुत्री तिथेच होती. वॉचमनदादांनी सांगितले की दीड महिन्यापूर्वी तिला पिल्ले झाली, त्यांतली दोन राहिली, आणि भिंत चाटणे त्यानंतरच सुरू झाले. त्यांनी हळूच तिचा ओठ वर केला. हिरड्या फिकट आहेत, सातपूरकरांनी लिहिल्या तशाच. कानाच्या घडीत तीन गोचिडी निघाल्या. उद्या सकाळी आठ वाजता रक्त तपासायला नेतो आहोत. पिल्लांनाही सोबत नेऊ, त्यांच्या जंतांचेही पाहता येईल. ती कधी बांधलेली नाही, त्यामुळे रिक्षात कशी नेता येईल, एवढाच प्रश्न आहे.

कॉलेजरोड :
माझी गाडी आहे आणि छातीला बांधायचा जुना पट्टाही आहे. पावणेआठला कुठे येऊ, ते सांगा. माझ्या शेफर्डलाही बरोबर घेते, त्याचेही रक्त तिथेच देता येईल.

गोदाकाठ :
जेहान सर्कलला या. तो पुढच्या सीटवर बसू दे, मी आईला आणि पिल्लांना घेऊन मागे बसते.